आतल्या आत भांडणारी बहीण

आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांचा सगळा राग फळ्यापाशीच संपायचा आणि घरी ते मऊ होऊन यायचे. आई शेतात नाहीतर गोठ्यात, तिला रागवायला सवड नव्हती. ती एकदा डोळे वटारायची, तेवढ्यावर आठवडाभराचं काम भागायचं. राहिलो आम्ही दोघी बहिणी. मी मोठी आणि तापट. धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि, वाडीतल्या बायकांच्या भाषेत, 'गुणाची'.

या गुणांमागची भानगड मला ठाऊक होती. तिलाही राग यायचा, चांगला सणसणीत यायचा. पण भांडायला जो श्वास लागतो तो तिच्याकडे नव्हता. पहिलं वाक्य जोरात निघायचं, दुसऱ्याच्या मध्यावर खोकल्याची उबळ यायची, आणि उबळ थांबेपर्यंत समोरच्यानं तिला पाणी पाजून, पाठ चोळून, भांडण जिंकून टाकलेलं असायचं. समोरची बहुतेक वेळा मीच असायचे. मग तिनं भांडणं सोडूनच दिलं आणि थट्टा करायला लागली. थट्टेला एक वाक्य पुरतं.

आम्ही पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत राहायचो. चारी बाजूंना डोंगर, मध्ये भाताची खाचरं. तिथं खोकणाऱ्या माणसाची कमी नव्हती, पण जन्मल्यापासून खोकणारी ही एकटीच. आणि तिच्या अंगात आणखी एक गंमत होती. तिचा घाम खारट होता. घाम सगळ्यांचाच खारट असतो, हे मला शिकवू नका. हिचा इतका खारट की उन्हातून खेळून आली की कपाळावर, दंडावर पांढरी पूड दिसायची. शेजारची शेळी कुंपणाची वई ओलांडून यायची ती थेट हिच्याकडे, आणि हिचा हात कोपरापर्यंत चाटून काढायची. आम्ही पोरं ओळीनं हात पुढं करून उभी राहायचो. शेळी आमच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. हिला याचा भयंकर अभिमान होता. "तुमची चव नाय चांगली," ती आम्हाला सांगायची.

खोकल्यावर आईनं अडुळसा केला, मध-आलं केलं, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांतही बुडवून आणली. त्या कुंडातून ती उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होऊन निघाली, पोटभर खोकली, आणि "आणखी एकदा" म्हणून परत आत उतरायला निघाली. महाडच्या डॉक्टरांनी आधी दमा म्हणून औषधं दिली, मग क्षय म्हणून इंजेक्शनं दिली. माणूस चांगला होता, पण रोग कुठल्याच औषधाला दाद देईना. एकदा भर उन्हाळ्यात एसटीतून उतरून आम्ही तसेच दवाखान्यात शिरलो. ताप बघायला डॉक्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हाताला काय लागलं ते बघत राहिले. वडील ओशाळले, त्यांना वाटलं पोरीनं तोंड धुतलेलं नाही. मी बहिणीची बाजू सावरायला म्हणून शेळीची सगळी हकीकत सांगून टाकली. वडिलांनी मला कोपर मारलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी शेळीबद्दल मला आणखी दोन प्रश्न विचारले आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, हिला मुंबईला न्या. हिच्या घामाची तपासणी करायला हवी."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र लहान मुलीसारखा. त्यांनी बहिणीच्या दंडाला औषध लावून बारीकशी वीज सोडली आणि त्यावर कागद बांधून घाम टिपायला बसवलं. बहीण बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, एवढ्याशा घामासाठी आम्हाला मुंबईला बोलावलंत? लावणीला आमच्या शेतावर आला असतात तर तांब्याभर दिला असता." बाई इतक्या हसल्या की परिचारिका आत डोकावून गेली.

रोगाचं नाव निघालं सिस्टिक फायब्रोसिस. वडील परतीच्या वाटेवर ते नाव पाढ्यासारखं म्हणत होते, पोलादपूर येईतो त्यांना ते चोख पाठ झालं. बाईंनी समजावलं होतं ते असं: हिच्या अंगातलं मीठ आणि पाणी जिथं जायला हवं तिथं जात नाही. त्यामुळे घाम खारट होतो आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकट. जन्मतःच असतो हा रोग, आपल्याकडे क्वचित सापडतो, आणि हिचा त्यातल्या त्यात सौम्य आहे म्हणून ही एवढी वाढली. बरा होत नाही. जेवणात मीठ जास्त द्या, आणि रोज पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करा.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी डोळे पुसायला पदर शोधत बसायला नको. माझी बहीण आज नाही. तिशीच्या आत गेली. त्याचं मला जे वाटायचं ते रोज वाटतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही. हे मी लिहितेय ते ती सातवीत असतानाच्या एका पावसाळ्याबद्दल, आणि तेव्हा ती जिवंत होती आणि अतिशय आगाऊ होती.

थापट्यांचं काम माझ्याकडे आलं. ती ओट्याच्या कडेवरून डोकं खाली सोडून पालथी पडायची आणि मी तळहाताची ओंजळ करून पाठीवर धपाधप मारायची. माझ्यासारख्या तापट बाईला बहिणीला रोज सकाळ-संध्याकाळ बदडायची परवानगी, तीसुद्धा डॉक्टरांची! ती खाली डोकं करून पाढे म्हणायची. प्रत्येक थापटीला आवाज थरथरायचा, आणि एकोणतिसाच्या पाढ्याला वाडीतली सगळी पोरं तो ऐकायला जमायची. मिठाचीही चैन होती. कैरीवर, पेरूवर, भाकरीवर, जिथं वाटेल तिथं तिनं मीठ घ्यावं आणि आई काही बोलत नसे. असा रोग आपल्यालाही व्हावा, असं एका पोरानं घरी बोलून दाखवलं आणि मार खाल्ला.

मग तिच्या सातवीच्या वर्षी, पावसाच्या सुरुवातीला, तिची छाती वाजायला लागली. खोकला जुनाच होता, ही शिट्टी नवी होती. ताप यायचा. आणि थापट्या मारल्या की कफाबरोबर तपकिरी गुठळ्या पडायच्या, भिजवलेल्या चिंचेच्या तुकड्यांसारख्या. वडील, ती आणि मी परत मुंबईला गेलो. आई लावणीत अडकली होती.

बाईंनी छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं आणि मग तिच्या हाताच्या आतल्या बाजूला कसलासा थेंब टाकून सुईनं बारीकसं टोचलं. "हा बुरशीचा अर्क आहे," त्या म्हणाल्या. बहिणीनं लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला पण टोचा. मी एकटी का?" बाईंना ती कल्पना आवडली. तुलनेला बरी, म्हणाल्या, आणि त्यांनी मलाही टोचलं. आम्ही दोघी बाकावर हात पसरून बसलो. थोड्याच वेळात तिच्या हातावर गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ फुगून वर आली, भोवती लालभडक. माझ्या हातावर काहीच नाही. सुई कुठं टोचली तेसुद्धा शोधावं लागत होतं.

"म्हणजे घरात रागीट कोण?" बाईंनी विचारलं.

वडिलांनी, बहिणीनं आणि मी स्वतः, तिघांनीही माझं नाव घेतलं.

"छे," बाई म्हणाल्या. "रागीट ही आहे." आणि त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण माझ्या बहिणीविषयी इतकं खरं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. ही बुरशी हवेत सगळीकडे असते. आपण सगळेच ती रोज श्वासातून आत घेतो, आणि खोकून, शिंकून बाहेर टाकतो. हिचा कफ चिकट, त्यात ती अडकते आणि तिथंच बिऱ्हाड करते. तसं ते बिऱ्हाड गरीब असतं, फार नासधूस करत नाही. पण हिच्या अंगाला त्याचा भयंकर संताप येतो. अंगाची जी प्रतिकारशक्ती असते, ती सगळं सैन्य घेऊन धावून जाते. रक्तातल्या पेशी छातीत गर्दी करतात, श्वासाच्या नळ्या सुजतात, कफ आणखी घट्ट होतो, आणि बुरशीला राहायला आणखी जागा मिळते. मग अंग आणखी चिडतं. "चोर एकटा," बाई म्हणाल्या, "आणि त्याला धरायला आलेल्या गावानं घरच पाडलं, तसं झालंय."

"मग चूक कुणाची म्हणायची?" वडिलांनी विचारलं. मास्तरच ते, त्यांना चूक कुणाची हे कळल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही.

"कुणाचीच नाही. तिचं अंग तिचं रक्षणच करतंय. फक्त कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही."

बहिणीनं आपला फुगलेला हात माझ्या नाकासमोर धरला. "बघितलंस? मला पण राग येतो." इतकी खूश मी तिला शेळीनंतर पहिल्यांदाच बघत होते.

बाईंनी हा संताप उतरवायच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला जास्त, मग हळूहळू कमी करत न्यायच्या. आणि बजावलं, "ओल टाळा. बुरशी ओलीत वाढते. धुरापासून लांब, कोरड्या जागी झोपवा." मग वडिलांना जरा बाजूला घेतलं, पण त्यांचा तो बारीक आवाज आम्हाला ऐकू येतच होता. ही सूज अशीच राहिली तर नळ्या कायमच्या सैल पडतात, मग त्या परत नीट होत नाहीत. या औषधानं उतार पडला नाही तर हिला पावसाळाभर मुंबईत ठेवायचं, त्यांच्या नजरेखाली. कदाचित दर वर्षी. मुंबईत आमची आत्या होती, तिच्या एका खोलीत आधीच माणसं मावत नव्हती. शाळा सुटली असती, घर सुटलं असतं.  गाडी पेणला आली तेव्हा बहीण खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाय ऱ्हाणार तिकडं. श्वासच घ्यायचा तर घरी घेईन."

आता आमच्याकडच्या पावसात ओल टाळायची म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. काडेपेटी पोटाशी धरून निजावं लागतं. कोपऱ्यातल्या चपलांना दाढी येते आणि वडिलांच्या पुस्तकांना मिशा. सारवलेली जमीन दसऱ्यापर्यंत पायाला गार लागते. आई कंबरेवर हात ठेवून घरभर फिरली, भिंतींना हात लावून बघितला, आणि शेवटी तिनं वर बघितलं. माजघरावर माळा होता.

आमच्याकडे घरातली सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे माळा. जे जे भिजता कामा नये ते ते माळ्यावर जातं. बियाण्याचं भात, कांदे, सुकी मासळी, आणि म्हशीचा पावसाळ्याचा पेंढा. चुलीची ऊब तिथवर पोचायची. धूर नको म्हणून आईनं स्वयंपाकघराकडची बाजू फळ्या लावून बंद केली. पेंढा एका अंगाला सारून, त्यातलाच थोडा खाली पसरून त्यावर गोधडी घातली. ऊबदार, मऊ, खडखडीत. "भाताला बुरशी येत नाय तिथं, पोरीला कशी येईल?" आई म्हणाली. 

वडील मात्र शास्त्राचे. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले. एक माजघरात फडताळावर ठेवला, एक माळ्यावर. खालच्या तुकड्याला हिरवी-काळी लव आली. वरचा कौलासारखा वाळला, नुसता वाजवून घ्यावा. वडिलांनी ते दोन्ही तुकडे शाळेत नेऊन मुलांना दाखवले, मग वाडीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेल्या मोठ्या माणसांना दाखवले. सिद्ध झालं. सगळ्या वाडीनं आईच्या डोक्याची तारीफ केली आणि वडिलांच्या भाकरीचीही.

बहीण तर माळ्याची राणी झाली. तिनं सुंभाला टोपली बांधून घेतली होती. जेवण वर ओढून घ्यायची आणि रिकामी ताटली खाली सोडायची. कौलाच्या फटीतून बाहेर बघून, कोण येतंय त्याची वर्दी द्यायची. "सरपंच येतायत, चहा टाका. नाय नाय, पुढं गेले, राहू द्या." आणि तिला पहिल्यांदाच घरातलं एक काम मिळालं होतं. एरवी आई तिला झाडूलाही हात लावू देत नसे. आता सकाळ-संध्याकाळ म्हशीसाठी पेंढा खाली ढकलायचा तो ती ढकलायची. दोन्ही हातांनी कवळ मारून लोटायची, आणि खाली मी तो झेलायची. वरून भुसा आणि धूळ माझ्या डोक्यावर पडायची आणि ती हसायची. आईला ते बघून समाधान वाटायचं. पोर कामाला लागली.

त्यातून गोळ्यांनी छातीची शिट्टी थांबली आणि तिला भूक लागली. गाल वर आले, चेहरा पुरीसारखा गोल झाला. गोळ्यांनी चेहरा सुजतो हे बाईंनी सांगितलं होतं, पण ते लक्षात कुणाला ठेवायचं होतं? जन्मभर काटकुळी असलेली पोर अंगानं भरली होती. "माळा मानवला गो तुझ्या लेकीला," बायका आईला म्हणायच्या, आणि आई, जी कधी कशाची फुशारकी मारायची नाही, ती सगळ्यांना वर घेऊन जाऊन जागा दाखवायची.

गोळ्या ठरल्याप्रमाणे कमी झाल्या आणि श्रावणात शिट्टी परत आली. आधी पहाटेची, मग दिवसभराची. शिडी उतरताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली. थट्टेचं एक वाक्यसुद्धा आता पुरं होईना. "सरपंच" म्हणायची आणि "येतायत" साठी श्वास घ्यायची. थापट्यांना ती चिंचेच्या रंगाची घाण परत पडली, पहिल्यापेक्षा जास्त. मी मारता मारता रडायची आणि ती पालथी असल्यानं तिला दिसायचं नाही, एवढंच बरं होतं. घाबरून आईनं तिला अजिबात खाली उतरू द्यायचं बंद केलं. कोरड्यात राहू दे, निदान कोरड्यात.

या वेळी मुंबईला आईही आली. भातातल्या तणाची बेणणी अर्धी टाकून आली. तिनं बहिणीला माळ्यावरच्याच गोधडीत गुंडाळून घेतलं होतं आणि वाटभर मांडीवरून उतरू दिलं नाही. बाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला आणि त्यांचा चेहरा पडला. सावल्या वाढल्या होत्या. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. गोळ्या चुकल्या? नाही. घरात ओल? वडील जरा सावरून बसले आणि त्यांनी माळा, भाकरी, वरचा तुकडा, खालचा तुकडा, सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. तेवढ्यात आईनं लेकीला तपासणीच्या खाटेवर ठेवायला गोधडी सोडवली आणि झटकली. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात इतकी धूळ उठली की बाईंनाच शिंका आल्या, आणि फरशीवर पेंढ्याच्या काड्या पडल्या. बहिणीला त्याच क्षणी जी उबळ आली ती थांबेचना.

बाईंनी खाली वाकून एक काडी उचलली. "ही झोपते कशावर?"

"पेंढ्यावर," आई म्हणाली. "कोरडा हाय. खडखडीत."

बाई खुर्चीत बसल्या. पेंढा वरून कोरडा दिसतो, त्या म्हणाल्या, पण पावसाळ्यात ढिगाच्या पोटात ओल धरतो, आतून तापतो, आणि हिच्या छातीतली बुरशी नेमकी तिथंच माजते. भाकरीवरची लव वेगळी. आणि ही पेंढ्यातली बुरशी सुकली की तिची पूड होते, ती हात लावला की उडते. कोरड्यात तर जास्तच उडते.

आई हळूच म्हणाली, "ढिगात हात घातला की गरम लागायचा. मला वाटायचा, बरा हाय, पोरीला ऊब मिळते."  मला त्या क्षणी आईकडे बघवेना. जगातल्या कुठल्याही आईनं लेकीसाठी शोधावी तशी जागा तिनं शोधली होती, आणि ती जागाच नेमकी लेकीचा गळा धरत होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही कोरडी जागाच दिलीत. तुमच्याकडे कोरडी जागा कसली असते ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं." चांगल्या होत्या बाई. पण आईला ते ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

"आता हिला इथंच ठेवा," बाई म्हणाल्या. "जिथं पेंढा आहे तिथं ही नको."

बहिणीनं माझा हात घट्ट धरला. आईनं मान वर केली. "पेंढा नसला तर?"

"अहो, म्हैस आहे ना तुमच्याकडे?"

"म्हशीचं मी बघते. पेंढा नसला तर पोर घरी ऱ्हाईल का, तेवढा सांगा."

बाईंनी आईकडे चष्म्यावरून बघितलं. तिथंच काही दिवस बहिणीला ठेवून घेतलं, गोळ्या परत वाढवल्या, आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर छाती मोकळी झाली तर घर, नाहीतर मुंबई, आणि मग कुणी हट्ट करायचा नाही.

मुंबईहून परतताना आईनं आम्हा दोघींना परस्पर पोलादपूरला एका ओळखीच्यांकडे धाडलं. बाजारहाट करा, दोन दिवस राहा, म्हणाली. आम्ही परतलो तेव्हा माळा रिकामा होता. फळ्या धुतलेल्या, भिंतींना चुना, गोधड्या उकळून वाळत घातलेल्या. पेंढ्याची एक काडी सापडली असती तर शपथ. आणि गोठ्यातला खुंट मोकळा होता. म्हैस आईनं नदीपलीकडे मामाकडे पोचवली होती. दुभती म्हैस, आईच्या हाताशिवाय पान्हा न सोडणारी. कुणाला विचारलं नाही, वडिलांनासुद्धा नाही. आणि ज्या पोरीनं सबंध पावसाळा त्या म्हशीला वरून कवळ कवळ घातला होता, तिला तर नाहीच नाही.

बहीण खुंटापाशी उभी राहिली.  पुढं कितीतरी दिवस आईशी बोललीच नाही. माजघरात निजायची, गोळ्या घ्यायची, थापट्या खायची, पाढे म्हणायची नाही. आई ताट ठेवायची, ती जेवायची, आणि दोघींच्या मध्ये मी निरोप पोचवायची. मला वाटायचं, हिची ती आतली फौज आता आईवर चालून गेलीय. बाहेर मात्र तेच, गुणाची पोर.

आश्विनात आभाळ उघडलं. एक दिवस सकाळी आई ओट्यावर विळ्याला धार लावत बसली होती, कापणी जवळ आली होती. मी चहा गाळला, काळा, दूध कुठून आणणार, आणि बहिणीच्या हातात कप दिला. तिनं कपात बघितलं. कप खाली ठेवला. आणि अंगणात उतरून, गोठ्याच्या दारात उभी राहून तिनं तोंड उघडलं.

"मला इचारलंस का? एकदा तरी इचारलंस का म्हैस द्यायच्या आधी? सगळी वाडी सांगत्येय, माझ्यापायी दिली, माझ्यापायी दिली, मी सांगितलेला का दे म्हणून? मी गेले असते आत्याकडं, दाराबाहेर निजले असते, तुला काय करायचं होतं? ती मामाकडं पाणी पीत नाय, मला म्हायती हाय, ती कुणाच्या हातचं पीत नाय, आणि तू मला पोलादपूरला धाडलंस, बाजार करा म्हणालीस, खोटं बोललीस, मला साधं बघू पण दिलं नाय तिला जाताना, आणि आता हा काळा चहा प्यायचा, रोज प्यायचा, आणि गप बसायचं, कारण मी आजारी, मी गुणाची, मी नाय गुणाची! ऐकलंस? मी अजिबात गुणाची नाय!"

शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. ती थांबेना. गोठ्यापासून ओट्यापर्यंत आली, परत फिरली, नवीन मुद्दा काढला, मामाला त्यात ओढलं, वडिलांना ओढलं, भाकरीचे दोन तुकडे काढले. आवाज चढतच होता. आईला असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि भांडण हे खातं माझं होतं. मी पदर खोचून ओट्यावरून उतरायला निघाले.

आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. विळा बाजूला ठेवला होता. तिचे डोळे वाहत होते आणि ती लेकीकडे बघत होती.

"गप बस," ती म्हणाली. "बोलू दे तिला. एकदा पण खोकली नाय गो ती."